नळ बंद करू नये

दिवाळीची सुट्टी संपली की हायसं वाटतं, असं वाटणारी मी एकटी नसेन. पण ते मोठ्यानं बोलून दाखवणारी आमच्या घरात मी एकटीच आहे.

त्या वर्षी भाऊबीज आणि नेपाळचा प्रवास यांच्यात मी एक मोकळा दिवस राखून ठेवला होता. सगळं सामान अंगणात पसरून, यादीवर खुणा करत पुन्हा भरायचं, एवढंच त्या दिवसाचं काम. तो दिवस मला मिळाला नाही. का मिळाला नाही ते सांगायचं तर आधी घरातलं सांगावं लागेल.

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते आणि पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेची सचिव. संस्थेचे चेअरमन माझे दीर. त्यामुळे घर कुठं संपतं आणि संस्था कुठं सुरू होते, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. संस्थेची मीटिंग आमच्या ओसरीवर व्हायची आणि घरातली भांडणं संस्थेच्या कार्यालयात. सहकारात सुट्टी नसते. म्हशीला लक्ष्मीपूजन आणि पाडवा कळत नाही. दूध रोज दोन वेळा येणार, रोज दोन वेळा घ्यावंच लागणार.

नेपाळला जाणार होतो आम्ही चौघी. एक सरकारी दवाखान्यात नर्स. एक एसटीच्या डेपोत, तिला आम्ही डेपोवालीच म्हणायचो. एक शिक्षिका, आमच्यात सगळ्यांत मोठी, छप्पन्न वर्षांची. तिला सगळ्या ‘बाई’ म्हणायच्या. चौथी मी. डोंगराचं वेड बाईंचं. तरुणपणी त्यांनी दोर, गाठी, बर्फावरचं चालणं असं सगळं रीतसर शिकून घेतलं होतं आणि मग संसारात तीस वर्षं त्याचा काही उपयोग झाला नव्हता. त्यांनीच आम्हाला गोळा केलं. दर रविवारी मांजरसुंब्याला भेटायचं आणि आसपासचे डोंगर पाठीवर वजन घेऊन चढायचे. वजन म्हणून पिशवीत पाण्याच्या बाटल्या भराव्यात, माथ्यावर पाणी ओतून द्यावं आणि हलक्या पाठीनं उतरावं, म्हणजे गुडघ्यांना त्रास होत नाही, असं बाईंना त्यांच्या शिक्षकांनी सांगितलं होतं. बाईंनी ते आम्हाला सांगितलं, आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि पिशव्यांत दगड भरले. बाईंनीसुद्धा.

नेपाळमधलं एक लहानसं शिखर ठरलं होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की कोणीतरी उंची शोधतो आणि “एवढंच होय!” म्हणतो. एवढंच असलं तरी बर्फ होतं, दोर लागणार होता, बुटांना लोखंडी काटे बांधावे लागणार होते. दोनदा बेत मोडला होता. एकदा दुष्काळात संस्थेनं गुरांची छावणी चालवायला घेतली म्हणून, एकदा संस्थेची निवडणूक लागली म्हणून. दोन्ही वेळा माझ्यामुळे. तोवर बाईंचे गुडघे काही आमच्यासाठी थांबले नव्हते, झिजतच होते. डॉक्टरांनी या वेळी सांगून टाकलं होतं, “जायचं तर आत्ता जा. पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका.” म्हणजे बाईंना ते शिखर मिळणार असेल तर याच वेळी. हे आम्हा तिघींना माहीत होतं आणि मी तर ते यादीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

आता दिवाळी.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. टँकर चौथ्या दिवशी यायचा. घरात माणसं अकरा, कारण नणंद पुण्याहून पोराबाळांसह आली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद लावला. कुणी कधी अंघोळ करायची, अभ्यंगस्नान कुणाला, नुसतं हातपाय कुणाला, भांड्यांचं पाणी कुठं, तांदळाचं धुवण कुठं. नणंदेनं तो कागद वाचला आणि तिच्या मोठ्या मुलाला दाखवून हसली. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा टाकीची तोटी सोडून, आरशात बघत, दात घासत उभा. मी जाऊन तोटी बंद केली. तो म्हणाला, “मामी, मला अजून गुळणी करायचीय.”

“मग तांब्यात घे.”

“पुण्यात असं नसतं.”

“पुण्यात घास मग.”

नणंदेला राग आला. नवरा म्हणाला, “होईल गं, कशाला सणासुदीचं.” ‘होईल गं’ हे वाक्य माझा नवरा गेली पंचवीस वर्षं म्हणत आहे. होतं सगळं. कारण मी करते.

त्या चार दिवसांत मी किती वेळा ती तोटी बंद केली असेल सांगता येणार नाही. जाता येता, हातात ताट असताना, कोपरानं, एकदा तर पायानं. आमच्याकडे हे बायकांना शिकवावं लागत नाही. कुठं थेंब पडल्याचा आवाज आला की बोलणं मधेच सोडून आम्ही उठतो.

पाडव्याला दिरांनी न सांगता मीटिंग बोलावली. विषय चारा छावणी. तीसेक माणसं ओसरीवर. दीर आतमध्ये येऊन म्हणाले, “वैनी, चहाचं बघा जरा.”

“भाऊजी, पाणी अंघोळीचं राहिलंय फक्त.”

“मग त्यातलं घ्या की. लोकांनी मतं दिलीत, चहा तर द्यावा लागंल का न्हाई?”

तीस कप चहा गेला आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला भावांच्या अंघोळी तांब्यावर आटोपल्या. नणंद म्हणाली, “वैनी, तुझ्या कागदाचं काय झालं गं?” संध्याकाळी मी कागद काढून चुलीत घातला.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना माझं जाणं पटलेलंही नव्हतं आणि अडवायचंही नव्हतं. त्या नुसत्या विचारत राहायच्या. “डोंगर चढायला एवढ्या लांब काहून जायचं? आपल्या हितं डोंगर न्हाईत का?”

“आहेत, पण तिथं बर्फ असतो.”

“बर्फ? मंग तालुक्याला मिळतोय की. लग्नात आणलाय आपण.”

राखून ठेवलेला मोकळा दिवस असा गेला: नणंद पोराबाळांसह पुण्याला परतली, टँकर लवकर आला, दीर जीपमधून टँकरवाल्याबरोबर दुसऱ्या वाडीला गेले, आणि पाणी भरायला घरात मी, सासूबाई आणि ‘होईल गं’. संध्याकाळपर्यंत सगळे ड्रम, हंडे, कळश्या, पातेली भरून झाली. सामान तपासायचं तसंच राहिलं. पहाटे निघायच्या वेळी जीप आली नाही. दिरांचा फोन लागेना. मांजरसुंब्याला बाकीच्या तिघी गाडीसाठी थांबणार, तिथून बीडमार्गे मनमाड आणि मनमाडहून गोरखपूरची रेल्वे. सगळ्याचं आरक्षण.

नवरा म्हणाला, “होईल गं, कायतरी मिळंल.” मिळालं. शिरूर कासारकडून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं अशी उचलून कारखान्यांना जातात. मी हात केला, पाठीवरची भलीमोठी पिशवी वर ढकलली आणि चढले. ट्रॉलीत भांडी, झोपडीचे बांबू, कोंबड्या, शेळी, झोपलेली पोरं असा संसार होता आणि सगळं असं नीट बांधलेलं की खड्ड्यात एक डबा वाजला नाही. माझ्या पिशवीच्या बाहेर दोन बूट लोंबत होते. शेजारी बसलेल्या बाईनं ते बघितले, तिच्या पोत्यातली सुतळी काढली आणि न विचारता आवळून बांधले.

“कुठं निघाला ताई?”

मी सांगितलं.

“तिथं काय तोडायचं असतंय?”

“काही नाही. नुसतं चढायचं.”

“आन् मंग?”

“मग उतरायचं.”

तिनं थोडा विचार केला. “बरं हाय,” म्हणाली, आणि पोराच्या तोंडावरचं पांघरूण सारखं केलं.

मांजरसुंब्याला ढाब्यापाशी तिघी उभ्या होत्या. मला ट्रॉलीतून उतरताना बघून डेपोवाली ओरडली, “अगं, कोयता कुठाय तुझा?” मला हसू आलं नाही. आधीच पंचवीस मिनिटं उशीर झाला होता.

प्रवासाचं लिहीत नाही. रेल्वे, बस, पुन्हा बस, मग सात दिवस चाल. सगळं वेळेवर झालं. मी खरं सांगते, घरातून निघाल्यावर माझ्या यादीप्रमाणे सगळं होतंच. बाई पुढे, हळू पण न थांबता. चढावर त्या बोलत नसत. संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावताना मात्र तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगायच्या. कुणाचा दोर कसा निसटला, कुणी गाठ चुकीची मारली. एवढ्या आनंदात मी त्यांना गावाकडे कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचा मुक्काम दगडी भिंतींच्या एका लहान घरात होता. ते एक नेपाळी बाई चालवायची, सगळे तिला दीदी म्हणत. मागच्या अंगाला वरच्या ओढ्यातून काळ्या पाइपानं पाणी आणलेलं आणि टोकाला पितळी तोटी. ती तोटी सोडलेली. खाली ना बादली ना टाकी. दिवसभर बोटभर धार दगडांवर पडत होती आणि वाहून जात होती.

आम्ही चौघी पोचलो, पिशव्या टाकल्या आणि त्या धारेकडे बघत उभ्या राहिलो.

“बघवत न्हाई गं,” नर्स म्हणाली आणि स्वतःची बाटली खाली धरली. ती भरली. मग माझी भरली. मग आम्ही दीदीची सगळी पातेली भरली. मग काही उरलं नाही. बाईंनी सरळ जाऊन तोटी बंद केली आणि म्हणाल्या, “हां. आता बरं वाटलं.”

दीदी आतून धावत आली, तोटी पुन्हा सोडली आणि हसत काहीतरी बोलली. आमचा गाइड समजावायला आला; तो आम्हालाही दीदीच म्हणायचा. “बंद मत करना, दीदी. चलता रहेगा तो ठीक. रुकेगा तो पाइप में जम जाएगा, पाइप फट जाएगा.” बाई लाजल्या. पोरांना शिकवतो ते आपल्यालाच कळू नये, असं म्हणाल्या. मी वही काढली आणि उद्याच्या पानावर, बुटांचे काटे, गरम पाणी, दोर यांच्या वर पहिल्या ओळीत लिहिलं: नळ बंद करू नये. त्याखाली रेघ मारली.

दिवस मावळायच्या आत जेवून झोपायचं होतं, कारण उजाडताच निघायचं होतं. त्या शिखरावर सकाळी आकाश स्वच्छ असतं आणि दुपारच्या आधी ढग चढतात; वर जायचं तर त्याआधी. आमच्याकडे दिवस एकच होता. दुसऱ्या दिवशी उतरायला लागलं नाही तर पुढची बस, रेल्वे, रजा सगळं चुकणार होतं. मी सगळ्यात शेवटी ताट विसळायला मागे गेले. अंधारून येत होतं, गार वारा कानाला झोंबत होता. ताट विसळलं, हात पुसले, आत आले, पांघरूण घेतलं. एवढंच.

सकाळी पाणी नव्हतं.

गाइड तोटीपाशी उभा होता. तोटी बंद होती आणि पाइपाला जोडाजवळ वीतभर चीर पडून त्यातून बर्फाची जीभ बाहेर आली होती. “किसने बंद किया?” त्यानं विचारलं. रागानं नाही, नुसतं.

त्या क्षणी मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, माझ्या तळव्याला ती थंडगार पितळी तोटी आठवली. ताट विसळलं, तोटी फिरवली, हात पुसले.

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “मीच केली असंल. काल पण मीच केलती. हाताला सवय हाय मेली, कळतच न्हाई.”

“जाऊ द्या बाई,” नर्स म्हणाली. “सगळ्यांच्याच हाताला सवय हाय.”

मी गप्प राहिले. मला असं वाटलं की आता बोलायला बसलो तर आणखी वेळ जाईल. आधी वर जाऊ, उतरताना सांगू. माझ्या डोक्यात तेव्हा हे अगदी व्यवस्थित बसलं. काम आधी, बोलणं नंतर.

काल भरून ठेवलेलं पाणी रात्रीच्या स्वयंपाकात आणि पिण्यात संपलं होतं. वरचा ओढा लांब, म्हणून खालच्या गोठलेल्या ओढ्यापर्यंत जाऊन बर्फ फोडून आणायचा, चुलीवर वितळवायचा आणि पाच जणांच्या बाटल्या भरायच्या, हे किती वेळखाऊ असतं ते मला माहीत नव्हतं. पातेलंभर बर्फाचं तांब्याभर पाणी होतं. बाई सगळ्यात जास्त खेपा घालत होत्या. मी “तुम्ही बसा, गुडघे राखा” म्हणाले तर म्हणाल्या, “माझ्या हातनं झालंय, मला करू दे.” तीन तास गेले.

दोरावर पुढे गाइड, मग नर्स, डेपोवाली, बाई आणि शेवटी मी. बर्फाचा उतार सुरू झाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बाईंची पाठ माझ्या पुढे सारखी दिसत होती. त्या मधे मधे हातमोज्यानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, ऊन बर्फावरून डोळ्यांत जातंय. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा शिखर समोर होतं. आमच्या घरापासून संस्थेच्या कार्यालयाएवढं लांब, फार तर थोडं जास्त. आणि खालून ढग येत होते, एकामागे एक, घाई नसल्यासारखे.

गाइड थांबला. “बस. यहाँ से वापस.”

“अहो, ते काय, दिसतंय की समोर!” डेपोवाली म्हणाली.

“दिखता है, दीदी. तीन घंटा पहले निकलते तो हो जाता.”

बाई तिथंच बर्फात बसल्या. “माझ्यामुळं,” म्हणाल्या. “तुमच्या सगळ्यांचं माझ्यामुळं गेलं. माफ करा गं.”

“बाई, तुम्ही नाही,” मी म्हणाले. “तोटी मी बंद केली.”

नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. “हिनं? जिनं लिहून ठेवलंय तिनं? काढ गं ती वही!” डेपोवालीनं माझ्या खिशातून वही ओढली, पान काढलं, मोठ्यानं वाचलं. “रेघ पण मारलीय! एसटीत असतीस तर निलंबित केली असती तुला.” गाइडसुद्धा हसायला लागला. मला त्यांचा राग आला. एवढ्या वर्षांचा बेत पाण्यात गेला आणि या हसतायत. कुणीतरी मला ओरडावं अशी माझी अपेक्षा होती.

बाई हसल्या नाहीत.

“तुला कवा कळलं?”

“सकाळी.”

“सकाळी कवा?”

“गाइडनं विचारलं तेव्हाच.”

“म्हंजी मी बर्फ वाहत होते तवा तुला माहीत होतं. आन् मी पूर्ण चढ रडत चढले. मागंच होतीस तू.”

मी म्हणाले, मला वाटलं वेळ जाईल. ते बोलताना मलाच कसं ऐकू आलं ते इथं लिहीत नाही.

उतरताना त्या माझ्याशी फक्त दोराचं बोलल्या. “थांब.” “सोड.” “ढिला ठेव.” एकही गाठ त्यांनी चुकवली नाही आणि माझी एक चुकली होती ती काहीही न बोलता सोडून परत मारली.

खाली आल्यावर मी आधी पाइपाकडे गेले. तो पाइप आमच्या ठिबकच्या पाइपासारखाच होता, जरा जाड. चिरलेला तुकडा कापायचा, एक टोक उकळत्या पाण्यात धरून मऊ करायचं आणि दुसरं टोक त्यात दाबून बसवायचं; हे शेतावर मी कित्येकदा केलं आहे. पण त्याला दोन माणसं लागतात. दीदी चुलीपाशी होती. मी एकटीच खटपट करत होते, टोक निसटत होतं, बोटं बधिर झाली होती.

बाई आल्या, दुसरं टोक धरलं आणि जोर लावला.

“तिरकं घालतीयस,” म्हणाल्या. तिरकं नव्हतं. मी सरळ केलं.

ते बसल्यावर आम्ही रबराची पट्टी गुंडाळू लागलो. मी म्हणाले, “बाई, पुढच्या वर्षी परत येऊ. डॉक्टरांना मी भेटते.”

“मी न्हाई येणार. गुडघ्यानं आज सांगितलंय मला.”

“मग आम्हीही—”

“उगं तसलं बोलू नको. तुमी तिघी या. पण वरनं मला फोटो पाठवू नको.”

गाइडनं वरून पाणी सोडलं तसं ते भुसभुस हवा सोडत आलं, दोघींच्या पायांवर उडालं. आम्ही मागे सरलो आणि ते तसंच वाहू दिलं.

पुढच्या वर्षी आम्ही तिघी गेलो. आमच्याकडे तोवर पाऊस झाला होता आणि दिरांनी वेळेवर जीप दिली, म्हणजे मी आदल्या दिवशीच किल्ली काढून ठेवली होती. वर पोचलो. हवा उत्तम होती. खाली गावात येऊन फोनला रेंज मिळाली तशी मी बाईंना फोन केला, पोचलो एवढंच सांगितलं. त्या “बरं झालं” म्हणाल्या आणि ठेवला. चौथ्या दिवशी रेल्वेत असताना त्यांचाच फोन.

“काय गं, फोटो?”

“कसला फोटो?”

“वरचा.”

“बाई, काढलाच नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“पाठवू नको म्हणले होते,” बाई म्हणाल्या. “काढू नको कवा म्हणले?”